घोराचा हिशेब

बीडच्या पाटोदा तालुक्यात मोजमापाला तोटा नाही. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, ऊस टनांत, आणि ऊसतोड मजूर कोयत्यांत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, शेवटच्या रुपयापर्यंत मांडलेली असते आणि हंगाम संपला की हिशेब होतो. पण त्या उचलीपायी, त्या पावसापायी, मागे ठेवलेल्या लेकरांपायी जिवाला जो घोर लागतो, त्याची नोंद कुठल्याच वहीत नसते. रात्री दोनला डोळा उघडतो, छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो, पहाट होते. सकाळी विचारलं की उत्तर येतं, ‘काही नाही, जरा टेन्शन आहे.’

या लेखात त्या ‘काही नाही’चा हिशेब मांडायचा आहे.

८५,००० : एक ढोबळ आकडा

‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात भारतातल्या मानसिक आजारांचा राज्यवार अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१७ साली देशात ४ कोटी ४९ लाख लोकांना चिंताविकार होता. लोकसंख्येशी हे प्रमाण ३.३ टक्के पडतं, म्हणजे दर तीस माणसांमागे एक. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. तिला ३.३ टक्क्यांनी गुणलं की उत्तर येतं ८५,३०७. पाटोद्यासह अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात सुमारे ८५ हजार माणसं चिंताविकारासह जगत असावीत, असा हा अंदाज. शंभर उंबऱ्यांच्या वाडीवर पाचशे माणसं धरली, तर त्यांतली सोळा-सतरा.

अंदाज म्हणायचं कारण असं की राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हताच. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६मध्ये बारा राज्यांत ३४,८०२ प्रौढांना भेटून हे सर्वेक्षण केलं. शेजारचे गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड त्यात होते, आपण नव्हतो. त्यामुळे पाटोद्याबद्दल बोलताना देशाची सरासरी उसनी घ्यावी लागते, आणि सरासरीला दुष्काळ ठाऊक नसतो.

त्याच सर्वेक्षणातला आणखी एक आकडा नीट वाचायला हवा. सर्व मानसिक आजार धरून महानगरांमधलं प्रमाण १४.७ टक्के निघालं आणि ग्रामीण भागातलं ९.५७ टक्के. वरवर पाहिलं तर गाव शांत, शहर अस्वस्थ. पण प्रश्नावलीत मनाबद्दल विचारलं जातं आणि गावाकडचा माणूस शरीराबद्दल सांगतो. ‘तुम्हाला चिंता वाटते का?’ याला तो ‘नाही’ म्हणेल. ‘जीव घाबरतो का, काळजात धस्स होतं का, हातपाय गळतात का?’ असं विचारलं तर तोच माणूस खुर्ची पुढे ओढून बसेल. त्यामुळे कमी निघालेला आकडा कमी त्रासाचा आहे की चुकलेल्या शब्दाचा, हे तपासल्याशिवाय गाव शांत आहे असं मानून चालणार नाही.

सहा महिने, तीन लक्षणं : काळजी आणि आजार यांतली रेघ

काळजी सगळ्यांनाच असते आणि असायलाही हवी. बियाणं घेण्याआधी चार रात्री विचार करणारा शेतकरी आजारी नव्हे, शहाणा आहे. आजार कुठे सुरू होतो याच्या रेघा वैद्यकशास्त्राने आखल्या आहेत. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ, बहुतेक दिवस, अनेक गोष्टींबद्दलची आवरता न येणारी काळजी. आणि तिच्यासोबत सहापैकी किमान तीन लक्षणं: जिवाची घालमेल, लवकर थकणं, लक्ष न लागणं, चिडचिड, अंग ताठणं, झोप उडणं. त्याने रोजचं कामकाज अडायला लागलं की त्याला सार्वत्रिक चिंताविकार म्हणतात. याच घरातला दुसरा आजार म्हणजे तीव्र भीतीचा झटका, पॅनिक अटॅक. तो काही मिनिटांत टोकाला जातो आणि माणसाला वाटतं, आता आपण जाणार.

इथे पाटोद्यातला माणूस रास्त शंका काढेल. कर्ज खरं आहे, पाऊस खरंच कमी आहे, उचल खरंच फेडायची आहे. काळजीचं कारणच खरं असताना उपचार कशाचा करायचा?

उत्तर असं की काळजीचं कारण आणि काळजीचं यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धोका दिसला की शरीर भोंगा वाजवतं. हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो, स्नायू ताठतात. साप दिसला तर हा भोंगा जीव वाचवतो. चिंताविकारात तो बंदच होत नाही. साप नसताना वाजतो, झोपेत वाजतो, बँकेचा कागद नुसता हातात घेतला तरी वाजतो. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही, आणि तसं सांगणारा समुपदेशक खोटं बोलतो. पण भोंगा खाली आला की माणूस झोपतो, विचार करतो, बँकेत जाऊन पुनर्गठनाबद्दल बोलू शकतो. खऱ्या संकटाशी लढायला जी शुद्ध लागते ती परत मिळते.

० ते २१ : सात प्रश्नांची परीक्षा

चिंता मोजायचं जगभर वापरलं जाणारं एक साधं माप आहे, ‘गॅड-७’. २००६ साली प्रसिद्ध झालेली ही सात प्रश्नांची यादी. गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थ वाटलं का, काळजी थांबवता येत नाही असं झालं का, काहीतरी भयंकर घडेल असं वाटत राहिलं का, अशा धाटणीचे प्रश्न. प्रत्येकाला चार उत्तरं: अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून अधिक दिवस २, जवळपास रोज ३. एकूण गुण २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. आशा कार्यकर्तीला दारात उभ्याउभ्या विचारता येईल इतकं हे सोपं आहे.

सोपं आहे म्हणूनच त्याच्या मर्यादेचं गणित एकदा करून पाहू. दहा गुणांची रेघ धरली तर मूळ अभ्यासात या मापाने सार्वत्रिक चिंताविकार असलेल्यांपैकी ८९ टक्के ओळखले आणि तो नसलेल्यांपैकी ८२ टक्क्यांना बरोबर वगळलं. आता एक हजार माणसांच्या गावात ३३ जण खरोखर आजारी आहेत असं समजा. त्यांतले २९ सापडतील. उरलेले ९६७ जण आजारी नाहीत, पण त्यांतल्या १८ टक्क्यांचे, म्हणजे १७४ जणांचे गुणही दहा किंवा त्याहून अधिक भरतील. दहाची रेघ गाठलेले एकूण २०३, त्यांत खरे आजारी २९. सातांत एक.

याचा अर्थ माप वाईट आहे असा नाही. चाळणीचं काम खडे वेगळे करायचं. पीठ दळायचं नाही. दहा गुण मिळाले म्हणजे आजार ठरला, असं नसतं; कोणाशी तरी नीट बोलायची वेळ झाली, एवढंच ठरतं. मोबाइलवर अशी चाचणी सोडवून रात्रभर घाबरणाऱ्या कॉलेजातल्या मुलामुलींनी हे गणित लक्षात ठेवावं.

त्या बोलण्याआधी शरीराचीही तपासणी हवी. धडधड थायरॉइडमुळे होते, रक्त कमी असल्यानेही होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. मिश्रीतल्या तंबाखूने ठोके वाढतात, रिकाम्या पोटी चौथ्या चहानेही. ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घेतलं की अर्धा गोंधळ निवळतो.

बीड जिल्ह्यात या तपासणीला आणखी एक पदर आहे. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ साली नेमलेल्या समितीसमोर जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. दर सहा जणींत एक. शस्त्रक्रियेत अंडाशयही काढले असतील तर तिशी-पस्तिशीतच रजोनिवृत्ती येते आणि शरीर एकदम बदलतं: अंगातून वाफा निघतात, झोप मोडते, धडधड होते, जीव कासावीस होतो. ही लक्षणं चिंताविकाराशी इतकी जुळतात की विचारल्याशिवाय फरक कळत नाही. अशा बाईला ‘मनाचं आहे’ म्हणून वाटेला लावणं आणि ‘बाईचं दुखणं आहे’ म्हणून मनाची विचारपूस न करणं, दोन्ही चूकच.

८५ टक्के : जे पोचतच नाहीत

‘निम्हान्स’च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने नैराश्य, चिंता अशा सर्रास आढळणाऱ्या मानसिक आजारांतली उपचारांची तूट ८५ टक्के काढली. शंभरांतल्या पंच्याऐंशी जणांना उपचार मिळत नव्हते. आपल्या ८५,३०७ला हे प्रमाण लावलं तर सुमारे ७२,५०० माणसं उपचारांबाहेर राहतात. ही काही बीडचीच गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगातही चिंताविकार असलेल्या चारांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळतो.

हे ७२,५०० लोक काहीच करत नाहीत असं मात्र नाही. ते फिरत असतात. छातीत धडधडलं म्हणून पट्टी काढतात, म्हणजे ईसीजी. ती साफ येते. ‘गॅस झालाय’ म्हणून गोळी मिळते. मग सलाइन लावलं जातं, त्याने दोन दिवस तरतरी येते. मग शेजारीण म्हणते, बाहेरचं असेल. मग अंगारा, मग गंडा. मग मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली झोपेची गोळी. प्रत्येक टप्प्यावर पैसे जातात आणि प्रत्येक टप्प्यावर ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ हेच ऐकावं लागतं. ज्याला रोज रात्री मरणाची भीती वाटते, त्याला हे वाक्य दिलासा देत नाही. आपलं दुखणं कोणाला सापडतच नाही, अशी नवी काळजी देतं.

देवाधर्माचं या सगळ्याशी वैर नाही. गहिनीनाथगडावर कीर्तनाला बसून ज्याचं मन निवतं त्याने जरूर बसावं. चार माणसांत बसणं हेही औषधच. अडचण येते ती अंगाऱ्यासाठी चालू गोळी बंद केली जाते तेव्हा. झोपेच्या गोळीबाबत एक आकडा तोंडपाठ असावा: दोन ते चार आठवडे. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या त्यापुढे चालू राहिल्या तर सवय लागते, आणि मग मूळ घोरावर गोळीचा घोर चढतो.

बाईमाणसाला आणि पुरुषाला वाट वेगळी लागते. जगभर चिंताविकाराचं प्रमाण स्त्रियांमध्ये अधिक आहे. पण २०२२ साली देशात आत्महत्येने गेलेल्या १,७०,९२४ जणांपैकी १,२२,७२४ पुरुष होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की दिसतं ते असं: बाई निदान ‘जीव घाबरतोय’ म्हणते, पुरुष ते न म्हणता दारूकडे वळतो, चिडतो, गप्प होतो. आत्महत्येला एकच कारण कधी नसतं आणि प्रत्येक चिंता तिकडे जातही नाही. तरी गप्प बसण्याची किंमत या आकड्यांत आहेच. २०२३ साली मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, त्यांत सर्वाधिक २६९ बीड जिल्ह्यातल्या. माणूस गेल्यावर महसूल खात्याच्या कागदावर पात्र-अपात्र असा रकाना भरला जातो. त्याआधीच्या सहा महिन्यांच्या जागरणाला रकाना नाही.

१५ आठवडे आणि सहा महिन्यांचा हंगाम

चिंताविकारावरच्या बोलण्याच्या उपचाराला किती वेळ लागतो? ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सार्वत्रिक चिंताविकारासाठी आठवड्याला एक तास अशा १२ ते १५ बैठका सांगितल्या आहेत. औषध दिलं तर त्याचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे जातात, आणि बरं वाटल्यावरही ते काही महिने चालू ठेवावं लागतं.

आता हे वेळापत्रक पाटोद्याच्या कॅलेंडरवर ठेवा. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांवर पाच-सहा महिने जातात. माणसं परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. सप्टेंबरात सुरू झालेला उपचार पाचव्या बैठकीला तुटतो. गोळ्यांची पाकिटं संपतात, फडावर नवी मिळत नाहीत, औषध एकदम बंद पडतं; मग चक्कर, मळमळ, बेचैनी. माणूस ठरवून टाकतो की गोळी आपल्याला सोसत नाही. चूक गोळीची नसते आणि माणसाचीही नसते. वेळापत्रकच दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यासाठी बेतलेलं असतं.

जुळवून घेता येतं, पण तारखा पाहून. एप्रिलच्या सुरुवातीपासून सप्टेंबरअखेर सव्वीस आठवडे हाती असतात. एप्रिलमध्ये आल्या आल्या सुरुवात केली तर पेरणीच्या धांदलीत दोन-तीन आठवडे बुडाले तरी पंधरा बैठका ऑगस्टपर्यंत सहज बसतात. औषध चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना ‘सहा महिने फडावर जातोय’ हे स्पष्ट सांगून चिठ्ठी आणि पुरेसा साठा सोबत घ्यावा. मधल्या काळात फोनवर बोलणं चालू ठेवावं. हे आधी सांगितलं नाही तर डॉक्टर महिनाभराचं औषध देतात आणि दुसऱ्या महिन्यात रुग्ण ‘गायब’ होतो.

१५ तास : एकट्या डॉक्टरचा दिवस

भारतात लाखामागे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ आहेत. किमान तीन असावेत असं मानलं जातं. राष्ट्रीय सरासरीने बीड जिल्ह्याच्या वाट्याला १९ येतात, गरज ७८ची. हा कागदावरचा वाटा. प्रत्यक्षात तज्ज्ञांचा ओढा मोठ्या शहरांकडे असतो. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. त्यांतलं एकही मराठवाड्यात नाही.

तरी समजा १९ तज्ज्ञ आहेत. ८५,३०७ भागिले १९ म्हणजे प्रत्येकाकडे सुमारे ४,४९०. प्रत्येकाला वर्षातून फक्त सहा वेळा भेटायचं ठरवलं तर २६,९४० भेटी. वर्षाचे ३०० दिवस काम केलं तर रोज ९०. दहा मिनिटांची एक भेट धरली तर रोज १५ तास. तेही फक्त चिंताविकारासाठी. नैराश्य, व्यसन, स्किझोफ्रेनिया, फिट्स अजून दाराबाहेर उभेच आहेत. दहा मिनिटांत औषध लिहून होतं, पण माणसाचं बोलणं ऐकून होत नाही.

म्हणजे हा प्रश्न केवळ तज्ज्ञ वाढवून सुटणार नाही. मग कशाने सुटेल, याचं उत्तर आपल्या शेजारीच शोधलं गेलं आहे.

गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने २४ दवाखान्यांत, १२ सरकारी आणि १२ खासगी, एक प्रयोग केला. ‘मानस’ नावाच्या या चाचणीत २,७९६ रुग्ण होते आणि तिचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमलं. डॉक्टर आणि भेट देणारा मनोविकारतज्ज्ञ पाठीशी. सरकारी दवाखान्यांत नैराश्य किंवा चिंतेचा आजार पक्का ठरलेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांत ६५.९ टक्के बरे झाले. नेहमीच्या पद्धतीत हेच प्रमाण ४२.५ टक्के होतं. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी. फायदा झाला तो गरीब माणूस जिथे जातो तिथे.

दुसरा प्रयोग तर आपल्यासारख्याच मातीतला. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला, शेतकरी आत्महत्यांची झळ लागलेल्या भागात. गावातल्याच कार्यकर्त्यांनी बैठका घेतल्या, आजाराबद्दल लोकांच्या भाषेत बोलले, घरी जाऊन धीर दिला, गरज पडली तर पुढे पाठवलं. नैराश्य असलेल्यांपैकी आरोग्यसेवेपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. सहापटीहून अधिक. त्यासाठी मोठं रुग्णालय बांधावं लागलं नव्हतं.

दहापैकी नऊ : समुपदेशनात नेमकं होतं काय

‘नुसतं बोलून काय होणार?’ हा प्रश्न सगळीकडे ऐकू येतो. म्हणून एक उदाहरण जवळून पाहू. माणूस कल्पित आहे, पद्धत खरी.

समजा, पाटोद्याजवळच्या वाडीवर पंचावन्न वर्षांच्या एक आजी आहेत. मुलगा-सून फडावर, दोन नातवंडं यांच्याजवळ. एकदा बीडला जाताना एसटीत गर्दीत त्यांना पहिला झटका आला: घाम, धडधड, श्वास अडकला. त्या मांजरसुंब्याला उतरल्या आणि घरी परतल्या. त्यानंतर एसटी बंद. मग पाटोद्याचा बाजार बंद. मग नातवाच्या शाळेतल्या पालकसभाही बंद. प्रत्येक वेळी टाळलं की बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यातूनच मेंदू शिकतो की एसटी खरोखर घातकी होती, बरं झालं गेलो नाही. टाळण्याने भीतीला खत मिळतं.

समुपदेशक पहिल्या बैठकीत उपदेश करत नाही. विचारतो, ऐकतो, आणि झटक्यात शरीरात काय होतं ते समजावतो: हा भोंगा आहे, हार्ट अटॅक नाही, तो चढतो तसा उतरतोही. मग दोघं मिळून भीतीच्या पायऱ्या मांडतात, ० ते १० गुणांनी. स्टँडवर दहा मिनिटं नुसतं उभं राहणं, भीती ३. उभ्या गाडीत जाऊन बसणं, ५. पुढच्या थांब्यापर्यंत जाणं, ७. मांजरसुंब्यापर्यंत, ८. गर्दीच्या गाडीने थेट बीड, ९. रोज पहिलीच पायरी, ती १ वर येईपर्यंत, मग दुसरी. भीती वाढली तरी उतरायचं नाही, ती आपोआप ओसरेपर्यंत थांबायचं. सावकाश श्वास सोडायचा.

सोबत विचारांचं काम. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेली आणि मराठी वाचकांपर्यंत कि. मो. फडके यांनी पोचवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती सांगते की प्रसंग आणि त्रास यांच्या मध्ये आपला समज उभा असतो. ‘गाडीत झटका आला’ हा प्रसंग. ‘परत आला तर मी मरेनच, आणि लोक हसतील ते मला सोसवणार नाही’ हा समज. आजींना विचारलं जातं: किती वेळा झटका आला? सात. किती वेळा मेलात? आजी हसतात. त्या हसण्यात उपचाराचा मोठा भाग असतो. वहीत त्या नवा समज स्वतःच्या शब्दांत लिहितात किंवा नातवाकडून लिहून घेतात: त्रास होईल, पण जीव जाणार नाही, आणि कुणी हसलं तर हसलं.

बारा-पंधरा आठवड्यांत ९ची भीती ३-४ वर आली तर उपचार लागू पडला म्हणायचं. शून्यावर यायची गरज नाही. आजींना बीडच्या गाडीत बसता आलं म्हणजे झालं.

१४४१६ : पहिला फोन

सुरुवात कुठून करायची? सर्वांत स्वस्त वाट फोनची. ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. क्रमांक १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत. पलीकडे आधी प्रशिक्षित समुपदेशक असतो. गरज वाटली तर तो तज्ज्ञाकडे जोडून देतो. देशभरात ५३ कक्ष आहेत, आणि फेब्रुवारी २०२५पर्यंत १८ लाखांहून अधिक फोन आले. महाराष्ट्रातले कक्ष पुणे, ठाणे आणि अंबाजोगाई इथे. एरवी मराठवाड्याच्या वाट्याला न येणारी गोष्ट या वेळी बीड जिल्ह्यात आली आहे. हाच क्रमांक फडावरून, कर्नाटकातूनही लागतो, हा ऊसतोड कुटुंबांसाठी त्याचा खरा उपयोग.

दुसरी वाट समोरासमोर. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ साली चार जिल्ह्यांपासून सुरू झाला. आज त्याचं पथक जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं असतं आणि औषधं मोफत मिळतात. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिवाय राज्य सरकारने २०१५ साली मराठवाड्याच्या आठ आणि विदर्भाच्या सहा अशा चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, ज्यात आशा कार्यकर्तीने घरोघरी विचारपूस करून ताणाखालची माणसं ओळखायची आणि पुढे पाठवायची अशी योजना आहे.

जाताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, औषध लिहू शकतो. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्याचे उपचार करतात, औषध देत नाहीत. खासगी चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाकडे जायचं तर भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी विचारावी. खरा असेल तर त्याला राग येत नाही. दुसरं, २९ मे २०१८पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार मिळणं आणि माहिती गुप्त राहणं हे हक्क दिले आहेत. ‘गावात कळलं तर मुलीचं लग्न मोडेल’ या भीतीवर कायदा हा पूर्ण उतारा नाही, पण दवाखान्यातून बातमी फुटू नये एवढं बंधन तो घालतो.

मरणाचे विचार येत असतील, किंवा घरातलं कोणी तसं बोलत असेल, तर पायऱ्या, गुण, वेळापत्रक सगळं बाजूला ठेवावं. त्या माणसाला एकटं सोडू नये, लगेच १४४१६ लावावा, जवळच्या रुग्णालयात न्यावं.

पुन्हा ८५,०००

शेवटचं एक गणित. अमरावतीच्या तीस गावांत सेवेपर्यंत पोचणाऱ्यांत जी २२.९ टक्केबिंदूंची वाढ झाली, ती नैराश्यापुरती होती. तेवढीच मजल चिंताविकारात मारता आली असं धरलं, तर बीड जिल्ह्यात आणखी साडेएकोणीस हजार माणसं उपचारांपर्यंत पोचतील. सगळी नाहीत, निम्मीही नाहीत. पण आज ती गॅसच्या गोळीवर आणि अंगाऱ्यावर फिरत आहेत.

त्यासाठी लागणारं सामान फार नाही. विचारताना ‘चिंता वाटते का’ऐवजी ‘जीव घाबरतो का, झोप लागते का’ असं विचारणारी आशाताई, आणि तिच्या वहीत जास्तीचा एक रकाना. टोळी परतते त्या एप्रिलमध्ये एकदा आणि दसऱ्याला निघायच्या आधी एकदा, असा वर्षातून दोनदा भरायचा. पाटोद्यात कोयत्यांची नोंद या दोन मोसमांत होतेच. वही तीच ठेवायची गरज नाही, तारखा मात्र त्याच ठेवाव्यात.